गादीच्या कडेला कोण?

(किन्हवली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खाशाबा जाधवांचं नाव निघालं की आपल्याकडे एक ठरलेली हळहळ सुरू होते. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं, पण सरकारनं विचारलं नाही, जिवंतपणी मोठा पुरस्कार नाही, पेन्शनसाठी हेलपाटे, आणि शेवटी अपघातात मृत्यू. हे सगळं खरं आहे. पण गेली कित्येक वर्षं मी खाशाबांवरची भाषणं ऐकतोय आणि माझी तक्रार वेगळी आहे. या भाषणांत खाशाबा कुस्ती खेळताना दिसतच नाहीत. दिसतो तो एक उपेक्षित, गरीब बिचारा माणूस. उपेक्षा ही आपली कहाणी झाली, आपण काय केलं नाही त्याची. खाशाबांची कहाणी त्यांनी काय केलं त्याची आहे, आणि आज मला ती सांगायची आहे. तिच्याबरोबर हॉलंडच्या एका जूडोपटूचीही सांगणार आहे. कुस्तीच्या व्याख्यानात जूडो कुठून आला, ते पुढे कळेल.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर, तालुका कराड. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांतला हा धाकटा. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगानं लहानखुरा. पुढे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणायला लागले, पण कॉलेजात असताना त्या अंगाचा तोटाच झाला. क्रीडा स्पर्धेत त्यांना घेतच नव्हते, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली आणि मग एकेक जोड आडवी झाली, असं सांगतात. हे प्राचार्य म्हणजे बाळासाहेब खर्डेकर. हे नाव लक्षात ठेवा.

कोल्हापूर हे कुस्तीचं पंढरपूर का, ते इथे बसलेल्या जुन्या पैलवानांना सांगायला नको. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. पण ती कुस्ती मातीतली. आपल्या यात्रेत तुम्ही बघता तीच. भाताचं शेत मोकळं झालं की एक तुकडा नांगरायचा, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे आणि झाला आखाडा. हलगी कडाडते, पंच पोराचा हात वर धरून फडात फिरवतो, नारळाच्या कुस्त्या आधी, इनामाच्या नंतर. कोल्हापुरातल्या तालमीची माती त्याहून लाडाची: लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल घालायचं. त्या मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, घाम आला की हात माती उचलतो आणि पुन्हा धरतो. पाठ जमिनीला टेकली की निकाल. घड्याळ नसलं तरी चालतं. दोन पैलवान अर्धा तास खडाखडी करत राहिले तरी लोक बसून राहतात, आणि शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात.

ऑलिंपिकची कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर, आणि तिथे यातलं काहीच नाही. पाय रुतत नाही, घसरतो. हात निसटला तर माती मदतीला नाही. वर घड्याळ चालू. आणि चितपट झाली नाही तर निकाल गुणांवर लागतो. त्या काळी फ्रीस्टाइलची लढत पंधरा मिनिटांपर्यंत चालायची आणि हिशेब उलटा असायचा. हरलेल्याच्या नावावर दोषगुण चढायचे, गुणांवर जिंकलात तरी एखादा चढायचा. फक्त चितपट करणाऱ्याची पाटी कोरी. दोषगुण पाच झाले की गडी बाहेर. म्हणजे कुस्ती खेळायची आणि डोक्यात बेरीजही चालू ठेवायची. आपल्या मातीतल्या पैलवानाला ही बेरीज कुणी शिकवली होती?

कुणीच नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तिथे ते पहिल्यांदा गादीवर खरे उतरले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकानं थोडं शिकवलं. वजनगट फ्लायवेट, ५२ किलो. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीपुढे हरले, सहावे आले. वय बावीस. जो पैलवान आयुष्यभर मातीत वाढला तो परक्या पृष्ठभागावर, परक्या नियमांत, जगात सहावा येतो. मला विचाराल तर १९५२ च्या पदकाइतकीच मोठी ही गोष्ट आहे, पण सहाव्या नंबरच्या मिरवणुका निघत नाहीत.

त्यानंतरची चार वर्षं महत्त्वाची. ५२ किलोचा गट सोडून ते ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये गेले. आपल्याकडे पोराचं वजन वाढलं की खुराक चांगला लागला म्हणून आई खूश होते. पण पैलवानानं गट बदलणं म्हणजे समोरचा गडी बदलणं, त्याची उंची, त्याचा वेग, त्याच्या हाताची लांबी बदलणं. सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. खाशाबांचा हुकमी डाव ढाक. तो इथल्या पोरांना माहीत असेल, तरी सांगतो. समोरच्याची मान एका हातानं बगलेत आवळायची, दुसऱ्या हातानं त्याचा दंड ओढायचा, आपली कंबर त्याच्या कंबरेखाली घुसवायची आणि त्याला पाठीवरून फिरवून खाली घालायचं. खाली गेल्यावर मानेची मिठी सोडायची नाही. कंबर खोल गेली नाही तर तुम्हीच खाली जाता आणि तो वर. सगळा खेळ त्या एका अर्ध्या पावलाचा. लहानखुऱ्या माणसाला हा डाव शोभतो, कारण त्याची कंबर मुळातच खाली असते.

आता जूडोकडे वळतो. जूडोत याच धर्तीची फेक आहे आणि फेकीनंतर मान आणि हात आवळून समोरच्याला पाठीवर दाबून ठेवण्याची पकड आहे. तिला जपानी लोक केसा-गातामे म्हणतात. त्या पकडीवर १९६४ साली जपानचं काळीज फाटलं.

जूडो जिगोरो कानो यांनी १८८२ साली उभा केला. टोकियोतल्या एका देवळात पहिले धडे झाले. त्यांची शिकवण अशी की तंत्र पक्कं असेल तर लहान माणूस मोठ्याला पाडू शकतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जूडो पहिल्यांदा आला, खास त्यासाठी निप्पॉन बुडोकान हे सभागृह बांधलं गेलं. चार सुवर्णपदकं होती. तीन वजनगटांतली तिन्ही जपाननं घेतली. चौथं होतं खुल्या गटाचं, वजनाची अट नसलेलं, म्हणजे कानोंची शिकवण खरी की खोटी हे ठरवणारं. २३ ऑक्टोबरला जपानच्या अकिओ कामिनागापुढे उभा राहिला अँटन गीसिंक, उत्रेख्त शहराचा, साडेसहा फूट उंच. नऊ मिनिटांवर लढत गेली आणि कामिनागा केसा-गातामेत अडकला, सुटला नाही. सभागृहात हजारो जपानी माणसं रडत होती. तेवढ्यात गीसिंकचे डच पाठीराखे गादीवर धावत निघाले. विजयाच्या त्या क्षणी त्यानं हात वर करून त्यांना जागीच थांबवलं, आधी नमस्कार, मग जल्लोष. जपाननं हार पचवली ती त्या एका हातामुळे, असं तेव्हापासून म्हटलं जातं.

लोक म्हणतात, साडेसहा फुटांचा माणूस, जिंकणारच. मला हे पटत नाही. उंच माणसं हॉलंडमध्ये पुष्कळ होती. गीसिंक १९५६ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत टोकियोला गेला आणि कांस्यपदकावर थांबला. त्यानंतर तो जपानमध्ये जाऊन राहिला, तेनरी विद्यापीठात जपान्यांबरोबर घाम गाळला, त्यांच्याकडूनच त्यांची विद्या शिकला. आपल्या देशात तो ग्रीको-रोमन कुस्तीचाही विजेता होता, ते अंगही त्यानं वापरलं. १९६१ साली पॅरिसला त्यानं जपानच्या कोजी सोनेला हरवून जगज्जेतेपद घेतलं, जपानबाहेर गेलेलं पहिलं. टोकियोच्या तीन वर्षं आधीच. म्हणजे १९६४ ला जपाननं जो धक्का खाल्ला तो धक्का नव्हताच, त्याची लेखी सूचना आधीच मिळालेली होती. पुढे गीसिंक आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य झाला, जूडोतली दहावी डान मिळाली, आणि उत्रेख्तनं तो हयात असताना त्याच्या नावाचा रस्ता केला. २०१० साली तो गेला. आपल्याकडे रस्त्याला नाव मिळायला माणसाला आधी मरावं लागतं, ही हळहळ मी इथेच संपवतो.

आता हेलसिंकी. १९५२. तिथे जायचं कसं, हा पहिला प्रश्न. मद्रासच्या निवड स्पर्धेत गुणांच्या हिशेबात खाशाबांवर अन्याय झाला, मग त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि त्यांनी बंगालच्या निरंजन दासला चीत केलं, अशी हकीकत आहे. निवड झाली, पण पैसे नव्हते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे चार हजार रुपये मागितले, तेव्हा ‘स्पर्धेनंतर या’ असं उत्तर मिळालं, असं आजवर सांगितलं जातं. स्पर्धेनंतर जायला पैसे लागत नाहीत, एवढं पैलवानालाही कळतं. मग गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, कराडच्या दुकानदारांनी हात दिला, आणि खर्डेकर सरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार.

हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावेही होते, त्यांचंही नाव घ्यायला हवं. फेदरवेटमध्ये ते चौथे आले. एक पायरी कमी पडली आणि आज त्यांच्या नावावर एकही व्याख्यान होत नाही.

खाशाबांनी कॅनडाचा पोलिकिन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवलं. शेवटच्या टप्प्यात दोघे उरले: जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह. सोव्हिएत संघ त्या साली पहिल्यांदाच ऑलिंपिकला उतरला होता. आणि हा इशी कोण? शाळेत जूडो शिकलेला पोरगा. युद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये शाळांतून जूडोला बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. जपानात कुस्ती रुजवली तीही एका जूडोपटूनं, इचिरो हत्ता यांनी. १९३२ साली त्यांनी कुस्तीची संघटना काढली आणि युद्धानंतर तीच पुन्हा उभी केली. हेलसिंकीत जपानला एकच सुवर्ण मिळालं. ते इशीचं.

म्हणजे त्या दिवशी गोळेश्वरच्या मातीतला ढाक एका जूडोपटूच्या कंबरेशी भिडला. इशीबरोबरची लढत पूर्ण वेळ चालली, खाशाबा गुणांवर हरले. त्यानंतर त्यांना लगेच मामेदबेकोव्हशी लढायला बोलावण्यात आलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. तो नियम सांगायला, टेबलापाशी जाऊन भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना इंग्रजीत वाद घालता आला नाही, असं म्हणून लोक पुन्हा त्यांच्याच माथी मारतात. अहो, पंधरा मिनिटं जीव तोडून लढलेल्या माणसानं घाम पुसायचा की वकिली करायची? ते दमलेल्या अंगानं उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक हाती आलं.

तो अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित मामेदबेकोव्हनं तरीही हरवलं असतं, तो कच्चा गडी नव्हता. पण अर्धा तास हा खाशाबांचा हक्क होता. इशीच्या मागे हत्ता होते. पुढे गीसिंकच्या मागे त्याचा संघ आणि तेनरीची तालीम होती. खाशाबांच्या मागे घर गहाण टाकलेला एक प्राचार्य होता, तो कोल्हापुरात. गादीच्या कडेला कुणी नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणातली खरी उणीव इथे दिसते, पुरस्काराच्या यादीत नाही.

परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आपल्याकडे बैलगाडी म्हटलं की म्हसाच्या यात्रेतले बैल डोळ्यांपुढे येतात, तेव्हा १५१ गाड्या म्हणजे किती लांब रांग, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण खाशाबांनी त्यानंतर काय केलं, ते मला अधिक आवडतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड लावला, स्वतः कुस्त्या केल्या, आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. पदकविजेता माणूस सत्काराच्या हारांत बसून राहिला नाही, कर्ज फेडायला पुन्हा मातीत उतरला.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोरं तयार केली, वर्षानुवर्षं एकाच हुद्द्यावर राहिले आणि अखेरीस सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी मोटारसायकलच्या अपघातात गेले. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरमध्ये त्यांच्या नावाचं कुस्ती संकुल व्हावं म्हणून घरच्यांनी पाठपुरावा केला, आणि तो इतका रेंगाळला की २०१७ साली पदकच लिलावात काढण्याची भाषा त्यांना करावी लागली.

भारताला ऑलिंपिकमधलं पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. कुस्तीतलं पुढचं २००८ मध्ये सुशील कुमारचं. आणि महाराष्ट्राचं पुढचं? २०२४, पॅरिस, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. १९५२ ते २०२४, बहात्तर वर्षं. मध्ये १९७२ साली मुरलीकांत पेटकरांनी पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकलं, ते या हिशेबात बसत नाही म्हणून विसरायचं नाही.

आता किन्हवलीचं बोलू. इथल्या तरुणांनी मला व्याख्यानाआधी विचारलं, आमच्याकडे मॅट नाही, मग आम्ही काय करायचं? मॅट महाग असते, हे खरं. ती मिळवण्यासाठी भांडाच. पण मॅट येईपर्यंत नियम शिकायला पैसे लागत नाहीत. शालेय स्पर्धांत आज कुस्तीही आहे, जूडोही आहे, दोन्हींत मुलींचे गट आहेत. आश्रमशाळेतल्या कातकरी-ठाकूर पोरांच्या पायांत डोंगर चढून आलेली ताकद आहे. यात्रेत चितपट करणारा पोरगा जिल्ह्याला जातो आणि गुणांवर हरतो, असं वरचेवर होतं. तो हरतो कारण तीस सेकंद उरलेत आणि आपण एका गुणानं मागे आहोत, हे त्याला ओरडून सांगणारं कुणी नसतं. त्याच्याबरोबर गेलेले आपण सगळे मोबाइलवर व्हिडिओ काढत असतो.

तेव्हा माझं मागणं एवढंच. तालुक्याला, जिल्ह्याला पोरं न्याल तेव्हा एक माणूस असा न्या, ज्यानं नियमांची पुस्तिका वाचलेली आहे, ज्याला गुणांची बेरीज येते, आणि जो टेबलापाशी जाऊन पंचांशी सभ्यपणे पण ठामपणे बोलायला कचरत नाही. शाळेतले सर असोत, एखादी ताई असो, कुणीही चालेल. आणि त्या माणसाला चहा प्यायला जायचं झालंच, तर आधी आपल्या जागी दुसऱ्याला उभं करून जायला सांगा.